चार हजारांश इंच

लागोपाठ चौथ्या रविवारी सुहासिनीच्या रायफलीत काडतूस अडकलं. काडतूस आत ढकलणारा बोल्ट निम्म्यावर येऊन थांबला. पुढेही जाईना, मागेही येईना. आत जिवंत काडतूस.

"तळव्याने ठोका, वहिनी," शेजारच्या जागेवरून दिलीपराव मोठ्याने म्हणाले. "वरण ढवळल्यासारखं काय करताय?"

मागच्या बाकावरचे दोघंतिघं हसले. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण सूर कळत होता.

सुहासिनीने ठोकलं नाही. नळी समोरच्या मातीच्या बांधाकडेच ठेवून तिने हात वर केला. मैदानावर देखरेख करणारा रेंज ऑफिसर ग्लेन आला, त्याने सगळ्यांचा गोळीबार थांबवला, लोकांना मागे सारलं आणि दहा मिनिटं खटपट करून ते काडतूस बाहेर काढलं. तेवढा वेळ दिलीपराव घड्याळाकडे बघत उभे होते.

"रायफल साफ करत जा जरा," ते म्हणाले. "नाहीतर सोडा हा नाद. मॅच जूनमध्ये आहे, टीमचं नाव जाईल."

दिलीपराव म्हणजे तिची नणंद चित्रा हिचे यजमान. मिल्टन गावातल्या या नेमबाजी क्लबात सुहासिनीला आणलं त्यांनीच, पाच वर्षांपूर्वी. वापरलेल्या पितळी पुंगळ्या साफ करायच्या, डाय नावाच्या साच्यात दाबून मूळ मापावर आणायच्या, मग त्यात दारू आणि गोळी भरायची, हे सगळं ते आपल्या बेसमेंटमध्ये दोघांसाठी करत. ती डाय दाबायच्या यंत्राला, प्रेसला, तिला हात लावू देत नसत. तेव्हा तिला त्यात गैर काही वाटलं नव्हतं. मागच्या सप्टेंबरात, २०१६ च्या शेवटच्या मॅचमध्ये, तिने त्यांच्यापेक्षा अकरा गुण जास्त मिळवले. तेव्हापासून त्यांच्या तोंडून तिच्यासाठी एक सरळ वाक्य निघालं नव्हतं.

सुहासिनी गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात माप तपासायची नोकरी करत होती. भाग बसत नसेल तर दोष अंदाजाने सांगायचा नाही, शोधायचा, ही तिची एकोणीस वर्षांची सवय. पुढच्या शनिवारी ती एकटीच रेंजवर गेली. रायफल आधी घासूनपुसून लख्ख केली होती. दुकानातून आणलेली वीस काडतुसं झाडली. विसाच्या वीस सुटली, एकही अडकलं नाही. म्हणजे रायफल निर्दोष होती.

घरी येऊन तिने दिलीपरावांकडून आणलेल्या डब्यातल्या, डायमधून काढलेल्या पण अजून न भरलेल्या पुंगळ्या घेतल्या. एकीला काळ्या मार्करने रंग फासला आणि रिकाम्या रायफलीत घालून बोल्ट हलकेच पुढे सोडला. बोल्ट थांबला. पुंगळी बाहेर काढली तर सगळीकडचा रंग शाबूत, फक्त जिथे ती निमुळती होते त्या खांद्यावर चकचकीत पितळ उघडं पडलेलं. सोमवारी तिने डबा कारखान्यात नेला आणि जेवणाच्या सुट्टीत एकेक पुंगळी मोजली. खांदा हवा त्यापेक्षा चार हजारांश इंच पुढे होता. केसाएवढा फरक, पण तिच्या रायफलीच्या तंग चेंबरला, काडतूस बसतं त्या पोकळीला, तेवढा पुरे होता. म्हणजे डाय पूर्ण खाली बसवलेलीच नव्हती, पुंगळ्या पुरत्या दाबल्या गेल्या नव्हत्या.

"चूक झाली असेल गं," नवरा नंदन म्हणाला. "नीट सांग, भांडू नकोस. ताईचं घर आहे."

ती नीट सांगायलाच गेली होती. रविवारी दोघं चित्राकडे गेली, आणि जेवणं झाल्यावर ती दिलीपरावांच्या मागोमाग बेसमेंटमध्ये उतरली आणि रंगवलेली पुंगळी त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी ती उचललीसुद्धा नाही. "माझ्या रायफलीत तर लोण्यासारखी जातात. तुमचंच चेंबर तंग आहे. ते बदला."

"डाय हलवली होती का तुम्ही?"

"नाही."

प्रेसशेजारी त्यांची नोंदवही उघडी होती. काय भरलं, किती भरलं, कधी भरलं, सगळं ते लिहून ठेवत. सुहासिनीने सरळ पानं मागे उलटली. "ओ, हात लावू नका!" दिलीपराव ओरडले, पण मार्चचं पान तिच्या डोळ्यांपुढे आलं होतं. त्यांच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'माझ्या नव्या बॅरलसाठी डाय किंचित वर घेतली. झकास. सु.च्या रायफलीत अडकतील. बघणे.'

तिने ते दोनदा वाचलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"विसरलो असेन."

"चार रविवार तुमच्या डोळ्यांदेखत अडकत होतं. तेव्हाही आठवलं नाही? आणि वर ठोका म्हणालात. आत जिवंत काडतूस होतं, दिलीपराव."

"माझ्याच काडतुसांवर अकरा गुण मिरवलेत तुम्ही!" त्यांचा आवाज चिरकला. "बोट धरून शिकवलं कोणी? एक तक्रार करायची तर आवाज किती!"

जिन्यात चित्रा उभी होती. "सुहासिनी, पुरे," ती म्हणाली. "आमच्या घरात येऊन त्यांना असं बोलायचं नाही."

सुहासिनीने तिथे ठेवलेले आपल्या पुंगळ्यांचे दोन डबे उचलले आणि वर आली. नंदनने गाडी काढली.

त्याच आठवड्यात तिने ग्लेनला पत्र लिहिलं. कोणावर जाणूनबुजून केल्याचा आरोप केला नाही. काय घडलं, माप काय निघालं आणि वहीत काय लिहिलं होतं, एवढंच लिहिलं. क्लबने दिलीपरावांना बोलावलं. ते गेले नाहीत. त्यांनी सभासदत्व सोडलं आणि सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं की वहिनीने गोऱ्यांसमोर आपल्याच माणसाला खाली पाहायला लावलं.

सुहासिनीने स्वतःची प्रेस विकत घेतली, डाय स्वतः बसवली, प्रत्येक पुंगळी माप तपासायच्या गेजमध्ये घालून पाहिली. जूनच्या मॅचमध्ये एकही काडतूस अडकलं नाही. ती चौथी आली.

त्या वर्षी गणपतीला चित्राने नंदनला एकट्याला बोलावलं. तो गेला आणि तासाभरात परत आला. मोदकांचा डबा ओट्यावर ठेवत म्हणाला, "पत्र नसतं लिहिलंस तर चाललं असतं."

"तुला चाललं असतं," सुहासिनी म्हणाली, आणि डबा न उघडता कामाला लागली.