बिट्टीचं कुलूप

जावयाने शिलाई मशीनवरचं पडद्याचं कापड दोन्ही हातांनी उचललं, घडी न मोडता पलंगावर ठेवलं आणि त्या जागी बिट्टीचा लॅपटॉप उघडला. आईने त्याच्या झाकणाकडे बघायचं टाळलं आणि उगाचच टाचण्या वेचायला घेतल्या.

“आई, पुन्हा एकदा कोड मागवा. जुने सगळे शिळे झालेत. तासाभरापलीकडे चालत नाहीत ते.”

तिने नव्या फोनवर ‘पासवर्ड विसरलात?’ या ओळीवर बोट टेकवलं. मेल लगेच आली, आणि नेहमीसारखीच आली. अगडबगड अक्षरं आणि आकडे, पानभर, ना शेंडा ना बुडखा.

ही बिट्टीची करणी. ऑफिसात ती लोकांचे कॉम्प्युटर सुरक्षित करायची आणि घरी आली की आईच्या मागे लागायची. ज्या साइटवर मायलेकी बोलत, तिथून येणारी प्रत्येक सूचना मेलमध्ये उघडीवाघडी पडते, कुणीही वाचेल, म्हणून तिने आईच्या खात्याला कुलूप घातलं. तिने समजावलंही होतं. कुलूप साइटला देऊन टाकायचं, ते कुणाकडेही असलं तरी बिघडत नाही. ते नुसतं लावता येतं. उघडणारी किल्ली मात्र एकच, ती आपल्याजवळ.

“मग माझी किल्ली कुठाय?” आईने विचारलं होतं.

“तुला कशाला? डोक्यावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधतेस तू. माझंच कुलूप लावलंय. काही अडलं तर मी आहे की.”

ती नव्हती. एका शुक्रवारी ऑफिसच्या जिन्यात तिच्या डोक्यातली रक्तवाहिनी फुटली आणि सगळं संपलं. पुढे महिन्याभरात आईचा जुना फोन कपड्यांच्या बादलीत पडला. नव्या फोनवर साइट पासवर्ड मागू लागली. तो आठवेना, आणि नवा देणारी मेल बिट्टीच्या कुलपात. साइटवाल्यांना कळवलं, तर त्यांनी नवा कोड पाठवला. तोही कुलपात. आत बिट्टीचे बोललेले निरोप होते. लिहायचा तिला कंटाळा, बोलायची भारी हौस. तिच्या आवाजाचं दुसरं काहीही आईजवळ उरलं नव्हतं.

जावयाला तिने तेव्हाच विचारलं होतं. “बघतो,” एवढंच तो म्हणाला होता. त्याच्याकडून दोन शब्द मिळाले तरी गंगेत घोडं न्हालं. लग्नात आईने त्याला मौनीबाबा नाव ठेवलं, तेव्हा सगळे हसले होते. नंतर बिट्टी त्या मौनापायी रडू लागली आणि आईचं हसणं आटलं.

आज तो आपणहून आला होता. त्याने मेल लॅपटॉपवर घेतली. पडद्यावर किल्लीचं परवलीचं वाक्य विचारणारी चौकट आली. त्याने न थांबता, न अडखळता एक लांबलचक वाक्य टाइप केलं आणि अक्षरांच्या त्या कचऱ्यातून सरळ, साधा आकडा बाहेर आला.

“तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं तिनं. म्हणाली, मला काही झालं तर.”

‘मग इतके दिवस मला का रडवलंत?’ हे आईच्या ओठांवर आलं होतं. पण तास पळत होता. तिने आकडा भरला आणि खातं उघडलं.

सगळे निरोप जागच्या जागी होते. शेवटचा तिला न ऐकताच पाठ होता. ‘आई, ऐकते तुझं. रविवारी येते. सामान काही फार नाही.’ रविवार उजाडला तेव्हा बिट्टी नव्हती.

आईने फोन छातीशी उलटा धरला.

“काय आहे?”

“काही नाही हो. सगळं पुसलं गेलंय.”

जावयाने लॅपटॉप मिटला.

“आई, तिचं खातं मी पहिल्या आठवड्यातच बंद करून टाकलं. वाढदिवसाच्या शुभेच्छा येत होत्या, सहन होईना. चुकलंच माझं. मेल तेवढ्या राहिल्या. तुमच्या प्रत्येक निरोपाची सूचना तिलाही ह्याच कुलपातून यायची.” तो थांबला. “तुम्ही लिहिलेलं सगळं मी वाचलंय.”

आईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ‘त्या दगडापाशी किती दिवस डोकं आपटशील? निघून ये. खोली आवरून ठेवलीय.’ तिनेच लिहिलं होतं, दोनदा.

“मी राग धरून नाही आलो. खरं तेच लिहिलंत. मला बोलता येत नव्हतं, तिला ते सोसत नव्हतं. फक्त तिनं काय उत्तर दिलं, ते माझ्याकडे नाही, बोललेलं मेलमध्ये येत नाही. इथं असेल, म्हणून आलो. यायचा धीर होत नव्हता इतके दिवस.” त्याने मान वर केली. “येणार होती का ती?”

फोन आईच्या तळहाताखाली गरम झाला होता. एक बोट लावलं असतं तर बिट्टी बोलली असती.

“नाही म्हणाली,” आई म्हणाली. “फोन केला होता तिनं. ओरडली मला. म्हणाली, माझ्या नवऱ्याला दगड म्हणायचं नाही.”

“खरं?”

“खोटं कशाला बोलू? तुमचं-माझं कधी पटलंय का, की मी तुमची मनधरणी करत बसेन?”

हे त्याला पटलं. त्याने तोंड हातांत लपवलं आणि त्याचे खांदे हलू लागले. आईने पाण्याचा पेला पुढे सरकवला. आता हा जाईल, मग दार लावून आपण ऐकू, असं ती मनाशी म्हणत होती. पण तो जाईना. डोळे पुसून तो बोलायला लागला, आणि बोलतच राहिला. बिट्टी सकाळी बाथरूममध्ये किती बेसूर गायची, रस्ता चुकली की रस्त्यालाच कसं दोषी ठरवायची. आई हुं हुं करत होती. जीव सगळा मांडीवरच्या फोनकडे लागला होता.

“आणि मी गप्प बसलो ना, की माझ्यापुढे येऊन उभी राहायची,” तो म्हणाला, “आणि म्हणायची, ऐकतोयस ना? का नुसताऽऽच बसलायस?”

तो ‘नुसताऽऽच’ बिट्टीचा होता. मधे ओढलेला, शेवटी झटक्यात सोडलेला. इतक्या वर्षांत नकळत तो त्याच्या जिभेवर बसला होता.

आईने फोन बाजूला ठेवला.

“पुन्हा एकदा म्हणा,” ती म्हणाली.