छातीतली चरबी

शनिवारी कोकोपोच्या बाजारात ब्रदर सायलसच्या मांडवापुढे नुसती झुंबड. ज्वालामुखीची राख नाकातोंडात जाऊन दम्याने बेजार झालेली माणसं श्वासाचे पंप मुठीत धरून उभी होती. सायलस नव्या माणसाला ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात नळीने फुंकायला लावी. बघता बघता पाणी दुधासारखं होई.

"बघितलंत? ही तुमच्या छातीतली चरबी. हिच्यामुळेच सूज. माझं शार्कचं तेल हिला वितळवून टाकतं."

महिनाभर तेल प्यालेली माणसं दुसऱ्या ग्लासात फुंकत. ते पाणी जसंच्या तसं राही. मग सायलस त्यांचे पंप टोपलीत टाकायला लावी.

त्याच टोपलीत डेलमाच्या बहिणीचा, रोसिटाचा पंप गेला होता. तिला पुरून तीन आठवडे झाले होते. डेलमाला सांत्वन नको होतं, तिला हा माणूस तावडीत हवा होता. आणि आज रोसिटाचीच पोर, जेरोलिन, टोपलीकडे निघाली होती.

"थांब गं."

"मावशी, माझी चरबी गेलीय."

"तुझ्या आईचीही गेली होती."

डेलमा सुपारी विकायची. गेल्या शनिवारी ती मुद्दाम सायलसचे ग्लास विसळायला गेली होती. बोट जिभेला लावलं तर ओळखीचं चुरचुरलं. आज तिने सगळ्यांसमोर सुपारी आणि तिच्यासोबत पानाऐवजी खातात ती विड्याच्या वेलीची शेंग चावली, चुना न घेता. पहिल्या ग्लासात थुंकली. पाणी लालभडक झालं. दुसऱ्यात थुंकली. ते नुसतंच मळकट झालं.

चुन्याशिवाय सुपारी रंगत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"ताई, ही चरबीतली आग बाहेर..." सायलस चाचरला.

"आग कसली? माझ्या बहिणीला चुना लावलास तू."

दवाखान्यातला तोलिमान पुढे आला. "चुन्याच्या निवळीत कुणीही फुंकलं तरी श्वासातल्या वायूने ती पांढरी होते. दुसऱ्यात साधं पाणी आहे. माशाच्या तेलाने रक्तातल्या सुजेशी संबंधित चरबीत काही आठवड्यांनी थोडा फरक पडतही असेल. पण ती चरबी फुंकरीत दिसत नाही, आणि आवळलेली श्वासनळी तेलाने उघडत नाही. त्याला पंपच लागतो."

जेरोलिनने पंप खिशात घातला. चारजण बाह्या सरसावून सायलसवर धावले.

"हात लावू नका," डेलमा म्हणाली. "पोलीस येईपर्यंत तो फुंकेल. आणि तुम्हीही ऐका. औषध टाकून द्या म्हणणाऱ्याला आधी त्याच्याच ग्लासात फुंकायला लावा."

तिने निवळीचे ग्लास ओळीने मांडले. सायलस फुंकत गेला, पाणी पांढरं होत गेलं.

"काय आहे हे?"

"चुना."

"मोठ्याने."

दहाव्या ग्लासाला त्याने छातीवर हात ठेवला. "ताई, दम लागला."

डेलमाला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

"रोसिटालाही लागला होता," ती म्हणाली आणि पुढचा ग्लास त्याच्याकडे सरकवला.