आईला दिलेला पत्ता

तिने मोबाइल काउंटरच्या काचेवर आपटला आणि त्याचा पडदा पलीकडच्या मुलीकडे फिरवला.

"मोजा," ती म्हणाली. "फक्त आज सकाळपासूनचे मोजा."

काउंटरवरच्या मुलीने मान वाकवून वाचलं. 'ऐकू कमी येतंय? लाजू नका.' 'नातवंडांचे बोल पुन्हा ऐका.' 'फक्त आजच, दोन श्रवणयंत्रांवर तिसरं मोफत.' खाली अजून बरेच ईमेल होते.

"तिसरं यंत्र मी कुठे लावायचं? नाकात?"

कानाच्या त्या दवाखान्यात बाकांवर सात-आठ माणसं बसली होती. एरवी त्यांना एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते, पण हे वाक्य सगळ्यांना पहिल्या फटक्यात ऐकू गेलं. एक आजोबा खुदकन हसले. तिने त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्यांनी घाईघाईने वर्तमानपत्र उघडलं.

ती पियानो ट्यूनर होती. बावीस वर्षं तारा ताणून आणि सैल करून सूर जुळवण्याचं काम करत होती. सभागृहातला मोठा पियानो तिच्याकडे होता, दोन संगीतशाळांचे पियानो होते, शिवाय घरगुती गिऱ्हाइकं. वीस दिवसांपूर्वी रांगेत कुणी ओळखीचं नाही ना हे दोनदा बघून ती या दवाखान्यात शिरली होती. डॉक्टरांनी तपासणीचा कागद समोर धरला. त्यावरची रेघ बराच वेळ सरळ चालत होती आणि उंच सुरांपाशी आल्यावर जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली होती. डावा कान जास्त गेलाय, उजव्याची सुरुवात आहे, असं डॉक्टर म्हणाले. तो कागद तिने हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवला आणि कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. सभागृहाच्या व्यवस्थापकाला नुसती कुणकुण लागली असती तरी त्याने दुसऱ्याच दिवशी दुसरा माणूस आणला असता. कमी ऐकू येणारा ट्यूनर कोण ठेवेल? तिनेही ठेवला नसता.

आणि मग पाच दिवसांनी पहिला ईमेल आला. 'ऐकू कमी येतंय?' तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने उलट टपाली सणसणीत उत्तर लिहिलं, की पुन्हा लिहिलंत तर याद राखा. दुसऱ्या दिवशी अकरा आले. त्या अकराही जणांचा तिने उद्धार केला. चौथ्या दिवशी आकडा चाळिसावर गेला तेव्हा तिने मावसभावाला फोन लावला. तो एका विमा कंपनीत संगणक सांभाळायचा.

"ताई, तू त्यांना उत्तरं दिलीस?"

"मग काय गप्प बसू?"

"अगं, तिकडे माणूस नसतो. यंत्र असतं. लाखो पत्त्यांवर एकदम सोडून देतं, त्यातले निम्मे पत्ते बंद पडलेले असतात. तू उत्तर दिलंस की त्याला कळतं, हा चालू आहे. चालू पत्त्याला भाव येतो. मग तो दहा जणांना विकला जातो."

"मी शिव्या दिल्या होत्या."

"शिव्यांनी तर खात्रीच पटते."

त्याने तिला बजावलं, की अनोळखी ईमेलच्या तळाशी 'यादीतून नाव काढा' असं लिहिलेलं असतं त्यालाही हात लावू नकोस, तोही गळच असतो. नुसतं पुसून टाकू नकोस, स्पॅम म्हणून खूण कर, म्हणजे ईमेलची पेटी हळूहळू आपली आपण शिकते. तिने सगळं ऐकलं. पण शिकायला वेळ लागणार होता, आणि तोवर दिवसाला साठ अनोळखी माणसं तिला नेमका तोच प्रश्न विचारणार होती. सभागृहात काम करताना मोबाइल पियानोवर ठेवायचीही तिला चोरी झाली होती. व्यवस्थापकाची नजर पडली असती तर?

"माझा पत्ता कुणाला विकलात तेवढं सांगा," ती आता काउंटरवर रेलून म्हणाली.

"मॅडम, आम्ही कुणालाच देत नाही."

"मग या लोकांना काय स्वप्न पडलं? मी इथे येऊन गेले हे तुमच्याशिवाय काळ्या कुत्र्याला माहीत नाही. आणि मी तुम्हाला वेगळा पत्ता दिलाय, तेव्हा उगाच हात वर करू नका."

ती युक्तीही मावसभावाचीच होती, दोन वर्षांपूर्वीची. पत्त्यात आपल्या नावानंतर अधिकचं चिन्ह टाकायचं आणि पुढे एक शब्द. प्रत्येकाला वेगळा शब्द. पत्रं एकाच पेटीत येतात, पण पत्ता कुणाकडून फुटला ते कळतं. चपलांच्या दुकानाला तिने 'चप्पल' दिला होता, सभागृहाला 'सभागृह', इथे 'कान'. मात्र या पंधरा दिवसांत तिने पत्रांवरचा शब्द एकदाही पाहिला नव्हता, कारण गुन्हेगार कोण याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

काउंटरवरच्या मुलीने संगणकात तिचं नाव शोधलं. मग एक ईमेल उघडून तो कुणाच्या नावे आलाय ते वाचलं. मग दुसरा, मग तिसरा.

"मॅडम, आमच्याकडे 'कान' लिहिलंय. यावर 'आई' आहे." तिने मोबाइल अलगद तिच्याकडे फिरवला. "सगळ्यांवर 'आई'च आहे."

माफी मागायला हवी होती. तिने मोबाइल उचलला आणि ती तडक बाहेर पडली.

चालता चालता राग विझायला हवा होता, पण त्याला फक्त नवं घर मिळालं. आई! एकतीस वर्षं रुग्णालयाच्या दाखल्याच्या खिडकीत बसलेली बाई. फॉर्मात एक रकाना रिकामा दिसला तर मरायला टेकलेल्या माणसाच्या नातेवाइकालाही परत पाठवायची. निवृत्त झाली तरी हाताची सवय गेली नाही. दुकानाने पावतीबरोबर अभिप्रायाचा कागद दिला तर घरी आणून शाईने भरायची, आणि चौकोन दिसला की खूण करायची. तिच्यासाठी वेगळा पत्ता काढला होता तो गायकवृंदाच्या फोटोंमुळे. निवृत्तीनंतर आईला गाण्याची हौस आली होती आणि दर मंगळवारी सभागृहात तालमीला जाऊन ती तिथले ढीगभर फोटो पाठवायची. गळा यथातथाच. मागच्या रांगेत उभी राहून शेजारणीच्या मागोमाग सूर पकडायची, आणि हे स्वतःच हसत सांगायची.

दार उघडंच होतं. आई गायकवृंदाच्या पांढऱ्या झग्याला इस्त्री करत होती.

"माझा ईमेलचा पत्ता कुणाला दिलास?"

"ये, बस तरी."

"कुणाला दिलास?"

आईने इस्त्री उभी करून ठेवली. "दिला तीन-चार ठिकाणी." मग हिशेब करून म्हणाली, "नऊ असतील."

"आणि खालचे चौकोन?"

"ते भरले सगळे. अर्धवट फॉर्म कोण घेतं?"

"अगं, ती परवानगी असते! माझा पत्ता आणखी पन्नास जणांना वाटा म्हणून! वाचलंस तरी का?"

"वाचलं. म्हटलं, जितके जास्त लोक कळवतील तितकं बरं."

"काय बरं? दिवसाला साठ येतात, आई! मी तिकडे चार माणसांत एका गरीब मुलीच्या अंगावर धावून गेले. तुझा हात का शिवशिवतो गं फॉर्म दिसला की?" तिचा आवाज चढला आणि मध्येच तिला काहीतरी सुचलं. ती खुर्चीवर टेकली. "आणि यंत्र हवं होतं तर मला सांगायचं ना सरळ. कधीपासून ऐकू येत नाहीये तुला?"

आईने झग्याची बाही सपाट केली.

"मला चांगलं ऐकू येतं," ती म्हणाली.

खाली रस्त्यावर कुणीतरी मालमोटार मागे घेत होतं. आईने खिडकी लावून घेतली.

"मग तोंडावर का नाही बोललीस?"

"बोलून बघितलं असतं तर तू आत्ता आलीस तशी आली असतीस. म्हटलं, परक्यांची पत्रं येतील. दहातलं एखादं तरी वाचशील."

तिने वाचलं नव्हतं. वाचण्याआधीच शिव्या लिहिल्या होत्या. ती मोबाइलवर बोटं चालवू लागली. 'आई' असलेल्या पत्त्यावर येईल ते थेट कचऱ्यात, असा नियम तिने केला आणि पडदा आईपुढे धरला.

"झालं बंद. आता तुझंही मला काही मिळायचं नाही. यापुढे काय सांगायचं ते तोंडाने सांग."

"आत्ता सांगू?"

"सांग ना. अजून काय राहिलंय?"

आई तिच्याकडे न बघता बोलली.

"सभागृहातला पियानो वरच्या सुरांना चढा लागतो. वर्ष होत आलं. आमचे संचालक दर मंगळवारी कपाळाला आठ्या घालतात, व्यवस्थापकाशी बोलतो म्हणतात. मी म्हणते, दमट हवेने होतं, मुलीने सांगितलंय मला."

तिने तोंड उघडलं. उत्तरं तयार होती. सभागृहात नीट हवा खेळत नाही, तारा जुन्या आहेत, तालमीला येणारे पियानो सरकवतात.

"किती चढा?" तिने विचारलं.

आईने भिंतीपाशी जाऊन इस्त्रीचं बटण बंद केलं.

"मला कळण्याइतका," ती म्हणाली.