दातांनी तोडलेले वेल

"दोर नवा लागेल," गावप्रमुखाचा माणूस दारातूनच म्हणाला. "बुसुगूच्या बायकोला उद्या झाडाला बांधायचंय."

माझा नवरा मबिका वेत सोलत बसला होता. एरवी साधा माणूस. टोपल्या विणायचा, कुणाशी वर तोंड करून बोलायचा नाही. पण हे एक काम बापाकडून त्याच्या गळ्यात आलं होतं. कुणाच्या बायकोचं पाऊल वाकडं पडलं असा बोभाटा झाला, की तिला तो निवडेल त्या मुंग्यांच्या झाडाला बांधायचं. तिनं त्या पुरुषाचं नाव घेतलं की सोडायचं. दिवस मावळेपर्यंत नाही घेतलं, तर बाई निर्दोष.

"सांगितलं का पेंबानं नाव?" मी विचारलं.

"कुठलं! दातखीळ बसलीय तिची. पण झाडाखाली भल्याभल्यांची तोंडं उघडतात, मावशी." हसत हसत गेला मेला.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. नाव आम्हाला ठाऊक होतं. आमचा मुलगा कुंबा नुकताच रातोरात नदीखालच्या लाकूडतोड्यांच्या वस्तीवर पळाला होता. पेंबा बोलली, तर तिचा नवरा बुसुगू त्याला शोधून मारणार; तो हत्तीचा माग काढणारा माणूस. आणि नाही बोलली, तर ती काटकुळी पोर झाडाखालून जिवंत परत येते की नाही, देव जाणे.

ते झाड दिसायला काही नाही. उंच झाडांच्या सावलीत आपलं गुपचूप उभं असतं. आडव्या फांद्या, दोन्ही बाजूंना ओळीनं लोंबणारी लांब पानं, पानांच्या बगलेत पांढरी फुलं. पण फांद्या फुगीर आणि आतून पोकळ, आणि त्या पोकळीत लांब काळ्या मुंग्या. खोडाला धक्का लागला की वरून टपाटप अंगावर पडतात. एक चावली तरी हात दिवसभर आपला राहत नाही. आपल्या झाडाजवळ त्या काही उगवू देत नाहीत. वेल आला की कुरतडून टाकतात, म्हणून बुंध्याशी जमीन कायम अंगणासारखी स्वच्छ.

"ओढ्यापलीकडचं एक झाड रिकामं झालंय," मबिका हळूच म्हणाला. "मुंग्या गेल्यात."

"मग वेल माजले असतील. कुणालाही कळेल की!"

"वेल काढले तर नाही कळणार."

वेत आणायच्या निमित्तानं आम्ही गेलो. मी कोयता उगारला, तसा त्यानं माझा हात धरला. "वेडी का काय, कुंबाच्या आई? मुंगी कधी कोयत्यानं तोडते का?"

मग आम्ही वेल दातांनी तोडले. कडू चीक, ओठ सुजले, पण एकही टोक सरळ कापलेलं ठेवलं नाही. परतताना त्यानं एका जिवंत झाडाची बोटभर डहाळी मोडली, तिची भोकं ओल्या मातीनं लिंपली आणि कमरेला खोचली. एवढ्यातही, आत कोंडता कोंडता, मुंग्यांनी दोन चावे घेतलेच.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव लांब उभा राहिला. मबिकानं पेंबाला त्या रिकाम्या झाडाला बांधलं. ती खोडापासून अंग चोरत होती. झाड रिकामं आहे हे तिला कुठं माहीत! तेवढ्यात बुसुगू पुढं आला आणि मान वर करून बघू लागला.

"मबिका, पानांना एवढी भोकं? अळ्या जेवून गेल्या, तेव्हा तुझ्या मुंग्या काय झोपल्या होत्या?"

वेल काढले, पण पानं कशी सांधणार?

"ठोक बघू खोडावर," बुसुगू म्हणाला.

मबिकानं डाव्या हातानं खोडावर थाप मारली आणि उजव्या मुठीत ती डहाळी चिरडली. मुंग्या कोपरापर्यंत चढल्या. त्यानं हात झटकला नाही. दोन-तीन पेंबाच्या खांद्यावर सोडल्या, आणि तो हात तसाच पुढं धरून बुसुगूकडे चालत गेला.

"झोपल्यात का, तूच बघ."

बुसुगू उडी मारून मागं सरला. लोक हसले. पेंबानं ती मूठ बघितली होती. पोरगी हुशार! अशी किंकाळी फोडली की माझ्याच अंगावर काटा आला. मावळेपर्यंत ओरडत राहिली, पण नाव घेतलं नाही.

माहेरी जाताना ती आमच्या दारात थांबली. मबिकाचा सुजलेला हात तिनं दोन्ही हातांत घेतला. "दुखतंय, बाबा?"

"छे ग," तो म्हणाला.

त्या हाताची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. दोर वळायला मी शिकले. कुंबा कधी आला नाही. तिकडंच संसार थाटला म्हणे. बापाच्या हाताची चौकशी नाही केली मेल्यानं. माझाच मुलगा, पण राग येतो तो येतोच.

पुढं गावानं तेच झाड धरलं, आणि बुसुगू येता-जाता तिकडं नजर टाकायचा. म्हणून आम्ही अधूनमधून जाऊन वेल तोडत राहिलो. मबिका गेल्यावर मी एकटी जाते. समोरचे दात पडले, आता दाढेनं तोडते. बांधायचं कामही माझ्याकडेच आलं, आणि डहाळी मीच फोडते. झाडाखालून आजवर प्रत्येक पोर घरी गेली.

काल प्रमुखाचा माणूस पुन्हा आला. "दोर नवा लागेल, आजी." या खेपेची पोर अगदीच कोवळी, पहिलटकरीण.

आज सकाळी वेल तोडायला गेले, तर वेलच नव्हते. बुंध्याशी जमीन लख्ख. नवी पानं भोकाशिवाय, हिरवीगार. मी खुळ्यासारखी बघत राहिले, आणि वरून मानेवर काहीतरी पडलं.

दुसरं रिकामं झाड मला माहीत नाही. दुपारभर दारात बसून वेताचा दोर वळते आहे. मान दगडासारखी झाली आहे.

तो माणूस दोर न्यायला आला. जमिनीवर पडलेली वेटोळी बघून थबकला.

"एवढा लांब कशाला, आजी?"

"दोघींना लागेल," मी म्हटलं.