पहिली बोट, तिसरी बोट

"वहिनी, जरा थांबा. इथंच आहे. इथंच असायला पाहिजे," असं पुटपुटत टियार्कने कंदील पुन्हा दाराच्या चौकटीला भिडवला.

बॉयलरखान्याचं ते लोखंडी दार बुटकं होतं, वाकूनच आत जावं लागे. टियार्कचा थोरला भाऊ फोल्केर्ट या बोटीच्या बॉयलरवर कोळसा मारायचा. डाव्या चौकटीवर त्याने छिन्नीने आपलं नाव कोरलं होतं, आणि त्याच दाराच्या आत, अठरा वर्षांपूर्वी, वाफेची नळी फुटून तो गेला होता. उद्या ही 'होर्निसे' हॉलंडच्या भंगारवाल्यांकडे निघणार होती. त्याआधी ते नाव एकदा डोळ्यांनी बघू द्या, एवढंच त्याच्या विधवेने, गेशेने, दिराकडे मागितलं होतं. आरमाराच्या बोटीवर बायकांना कोण येऊ देतो? आज मुकादमाने डोळेझाक केली म्हणून जमलं.

चौकट कोरी होती.

"उजवीकडे बघा," गेशे म्हणाली. "तुमचं डावं-उजवं मला ठाऊक आहे, भावजी. माझ्या लग्नात नाचताना माझ्याच पायावर उभे होतात."

उजवीकडेही काही नव्हतं. टियार्कने नखाने रंग खरवडला, चौकटीवर तळहात फिरवला, आत जाऊन मागून पाहिलं. नाव पुसलं जाईल कसं? लोखंडात कोरलेलं होतं ते! त्याने स्वतः हातोडी आणून दिली होती. की ते सगळं आपण मनानेच रचलं?

तशी ही बोट म्हणजे एक अजब प्रकरण होतं. नाकावर एकच अवाढव्य तोफ, अंगावर जाड चिलखत आणि बूड परातीसारखं सपाट. ओहोटीला मुद्दाम वाळूवर चढून बसायचं आणि शत्रू आला की किल्ल्यासारखं लढायचं, असा बेत. खलाशी तिला चिखलघसरी म्हणत. शत्रू काही आला नाही. अशाच एका सरावात चिखल आत ओढला गेला, नळी तुंबून फुटली, आणि जो एक माणूस मेला तो घरचाच. पुढे नव्या मोठ्या बोटी आल्या. मग होर्निसे, स्पिने, आणि क्रोटे, म्हणजे बेडकी, या तिळ्या बहिणी गोदीच्या कोपऱ्यात बांधल्या गेल्या. बॉयलरखान्यांना चरबी फासून कुलपं ठोकली. डेकची आणि तोफेची राखण टियार्ककडे आली. तिन्हींची सारखीच करायची होती, पण होर्निसेच्या वाट्याला तेल नेहमी थोडं जास्तच जाई. दर रविवारी गेशेकडे चहा पिताना तो सांगे, "आज त्याच्या बोटीचा कठडा घासला." ती मान हलवून त्याच्या कपात खडीसाखरेचा आणखी एक खडा टाकी.

"सापडलं का रे?" मुकादम ओल्टमान्स वरून डोकावला.

"नाही ना. माझंच डोकं फिरलंय बहुतेक. बोट तर हीच, भिंतीकडून पहिली."

"आता पहिली. पण अकरा वर्षांमागे तू आईच्या मयतीला गावी गेलास, त्या हिवाळ्यात आम्ही गाळ काढायला तिन्ही बाहेर नेल्या होत्या. कडेची आधी बाहेर गेली, आणि तीच आधी आत आली. तिघी उलट्या लागल्या. तुला कोणी बोललं नाही?"

कोणी बोललं नव्हतं. नावाच्या लाकडी पाट्या थंडीत कुजू नयेत म्हणून दर हिवाळ्यात काढून छपराखाली ठेवत आणि वसंतात टियार्क त्या परत लावी. त्याही वर्षी त्याने नेहमीसारख्याच लावल्या होत्या, भिंतीकडून सुरुवात करून. बोटी हुबेहूब एकसारख्या. पाटीखाली कोण आहे, हे कोण बघतो?

म्हणजे अकरा वर्षं होर्निसे म्हणून जपली ती क्रोटे. आणि क्रोटेची पाटी लावलेली ती तिसरी बोट, म्हणजे खरी होर्निसे, सोमवारीच गेली. तिचा दोर त्यानेच सोडला होता. वर तोंडात पाईप धरून म्हणाला होता, "चल गं बेडके, सुटलो एकदाचा!" इतकं लाजिरवाणं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

ओल्टमान्स निघून गेला. गेशेला कानाने कमी ऐकू येई. हे बोलणं तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं, ती दारापाशीच होती. तिचं बोट चौकटीवरच्या एका गंजक्या ओरखड्यावर थांबलं.

"हेच ना, भावजी? हा फ, आणि हे पुढचं..."

हो म्हटलं की झालं. म्हातारी सुखाने घरी जाईल, आणि बोट उद्या वितळायला जाईल. टियार्कने तोंड उघडलं.

"नाही, वहिनी. त्याची बोट सोमवारीच गेली. पाट्या मी चुकीच्या लावल्या होत्या. ही दुसरीच आहे."

हे त्याला दोनदा मोठ्याने सांगावं लागलं. तिने ओरखड्यावरून बोट काढून घेतलं.

"मग हिच्यात कोण मेलं?"

"हिच्यात? कोणीच नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"बरं झालं बाई," गेशे म्हणाली. "एक तरी कोणाचा जीव न घेता निघाली." ती कोळशाच्या पेटीवर बसली आणि दिरासाठी थोडी सरकली.