मुका खांब

आमच्या हर्षालीला प्रश्न फार. नऊ वर्षांची आहे, पण ती गप्प असेल तर समजायचं की झोपली आहे. धरणाचं पाणी मुंबईला जातं, मग मामाच्या गावाला टँकर का? लिफ्ट खाली जाताना उडी मारली तर आपण वरच राहू का? मी वैतागते, पण खरं सांगायचं तर मला ते आवडतं. तिच्याएवढी असताना मी सगळे प्रश्न मनातच ठेवायची.

वाशिंदच्या या नव्या बिल्डिंगमध्ये आम्ही दोन वर्षांपूर्वी आलो. दारावर माझ्या नवऱ्याने, नरेंद्रने, तिघांची नुसती नावं लावली. कुणी आडनाव विचारलं की तो म्हणतो, "आटगावकर म्हना," आणि हसून जिना उतरतो. बुद्धांची तसबीर आतल्या खोलीत आहे. चौदा एप्रिलला आटगावला निघालो की शेजाऱ्यांना सांगतो, गावी कार्यक्रम आहे. यात खोटं काहीच नाही. खरंही पुरतं नाही.

तर, तिसऱ्या मजल्यावरच्या सारिकाताईंच्या नातवाचा पहिला वाढदिवस जवळ आला होता. ताई मूळच्या मुरबाडच्या, आवाज खणखणीत. त्यांनी इंटरनेटवरून क्रोशाच्या कुत्र्याचा नमुना छापून आणला आणि रविवारी दुपारी आम्हा चौघीपाचजणींना हॉलमध्ये बसवलं. एक कुत्रा नातवाला, बाकीचे आपापल्या घरी. लोकर होती, सुया होत्या, उत्साह तर विचारूच नका. फक्त कागद कुणाला वाचता येईना. तोरणं, रुमाल, टीव्हीवरचे पडदे सगळ्यांनी विणलेले, पण ते बघून बघून. इथे नुसते इंग्रजी आकडे आणि अक्षरं.

हर्षाली माझ्या शेजारीच होती. इंग्रजी शाळेतली, म्हणून कागद तिच्या हातात दिला. तिने ठसक्यात वाचलं, "पहिली फेरी, सहा एससी. दुसरी फेरी, बारा एससी. तिसरी, अठरा एससी."

"अगो बाई," समोरच्या फ्लॅटमधली रेश्मा म्हणाली, "कुत्र्यालापन रिझर्व्हेशन!"

हॉलभर हशा. मीही हसले. मोठ्याने नाही, पण हसले.

हर्षाली माझ्याकडे बघत होती. यंदाच शाळेसाठी तिचा जातीचा दाखला काढला होता. त्यावरची हीच दोन अक्षरं वाचून तिने विचारलं, तेव्हा मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. पणजोबांना पाणवठ्यावर काय सोसावं लागलं, मग आपण दीक्षा कशी घेतली, सगळं. आणि शेवटी एक वाक्य जोडलं होतं, "बिल्डिंगमधे सांगत बसू नको हां."

"पौर्णिमा, तुला तरी समजतंय का गो?" सारिकाताईंनी विचारलं.

मला समजलं होतं. माझे वडील भातसानगरला धरणावर कामाला होते. तिथल्या कॉलनीत माझी आई, धोंडाबाई, क्रोशा शिकली आणि मला शिकवून गेली. कागदाच्या कोपऱ्यात टाक्याचं बारीक चित्र होतं. तो टाका ओळखून मी म्हटलं, "मुका खांब. एससी म्हणजे मुका खांब."

"हात्तिच्या!" सगळ्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

त्या दिवशी घरी आल्यावर हर्षालीने काही विचारलं नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. शाळेतून यायची, जेवायची, माझ्यासमोर बसून कुत्र्याचं डोकं मोठं होताना बघायची. नरेंद्र म्हणाला, "पोरीला बरं नाय का?" ताप नव्हता. मी दोनदा हात लावून पाहिलं. कुत्र्याला कान लागले, नाक लागलं, तरी पोरीच्या तोंडातून प्रश्न नाही. मला त्या शांततेची धास्ती बसली. तो गप्पपणा माझ्या ओळखीचा होता. माझ्यासारखी होऊ नये म्हणून जिला इंग्रजी शाळेत घातलं, ती माझ्याच समोर माझ्यासारखी होत होती, आणि ते मीच शिकवलं होतं.

शुक्रवारी मी कुत्र्याच्या पोटात कापूस भरत होते, तेव्हा ती एकदाची बोलली.

"आई, त्याला मुका का म्हणतात?"

मला एवढं हायसं वाटलं! म्हटलं, "बुटका असतो ना तो. उंच खांबासारखा उठून दिसत नाही."

"मग कुत्र्याला तोच का? उंच खांब का नाही?"

"उंच खांबांच्या मधे फटी राहतात. त्यातून कापूस बाहेर दिसतो. मुका खांब घट्ट बसतो. आतलं काही दिसत नाही."

तिने कुत्रा हातात घेतला, दाबून पाहिला, उलटा करून पाहिला.

"म्हणून आपण तिथे काही बोललो नाही का?"

मी हातातला कापूस खाली ठेवला. मला माझीच लाज वाटली. दाखल्याची नाही, त्या हसण्याची.

पुढच्या रविवारी आपापले कुत्रे घेऊन सगळ्या सारिकाताईंकडे जमल्या. हर्षाली येत नव्हती, मी हाताला धरून नेलं. रेश्माने लवकर व्हावं म्हणून सगळा कुत्रा उंच खांबाने विणला होता. त्याच्या अंगातून जागोजागी कापूस डोकावत होता. सारिकाताईंच्या कुत्र्याची शेपटी अजून सुईवरच होती.

"पौर्णिमा, परत सांग गो, माझ्या ध्यानात राहत नाय," त्या म्हणाल्या. "एससी म्हंजे काय?"

"मुका खांब," मी म्हटलं. "आणि आम्हीपण. आम्ही बौद्ध आहोत. आमच्या दाखल्यावर हेच लिहिलेलं असतं. मागच्या रविवारी सांगायला हवं होतं, ते सोडून मी हसले."

रेश्मा लाल झाली. "अगो, मी आपली गमतीत बोलले. माझ्या मनात काय नव्हतं."

"माहितीये. म्हणून तर मीपण हसले. पण ही बघत होती."

सगळ्यांनी हर्षालीकडे पाहिलं. ती एवढा वेळ माझ्या ओढणीचं टोक धरून उभी होती. आता ते सोडून पुढे गेली, सारिकाताईंच्या सोफ्याशी उभी राहिली आणि नेहमीच्या तिच्या आवाजात, लिफ्टबद्दल विचारावं तसं, तिने विचारलं, "आजी, मग तुम्ही कोण?"

सारिकाताईंची सुई अर्ध्या टाक्यात थांबली. मुरबाडपासून वाशिंदपर्यंत एवढं आयुष्य गेलं, पण हे त्यांना समोर उभं राहून कुणी विचारलं नसावं. त्या माझ्याकडे बघू लागल्या, मी पोरीला आवरेन म्हणून.

मी तिला गप्प बस म्हटलं नाही.