निळ्या टोपणाची नळी

उसाच्या रसाच्या गाड्यावर अण्णांनी दुसरा ग्लास मागवला, तेव्हा त्यांना ताप नव्हता. कामासाठी निपाणीहून चिकोडीला निघालेले अण्णा आणि त्यांची लेक त्रिशला वाटेत थांबले होते, एवढंच.

समोरच्या पत्र्याच्या शेडपुढं गर्दी मावत नव्हती. कुणाच्या हातात थर्मास, कुणाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. ही सगळी कोरोनाच्या पेशंटांची घरची माणसं. रक्ताच्या नळ्या चिकोडीच्या लॅबला पोचवायचं काम निपाणीचा दवाखाना नातेवाइकांवरच सोडायचा, आणि वाटेत बसलेला असायचा रक्तआप्पा. तो नळी आडवी धरायचा. रक्त वाहिलं तर माणूस जगणार, गोठलेलं असलं तर संपलं.

"कागद खोटं बोलंल, मशीन खोटं बोलंल, रगात न्हाय बोलायचं!" आतून आवाज आला. "वाहतंय! जा पोरी, तुझ्या कुंकवाला धक्का न्हाय!"

गर्दीनं हात जोडले. अण्णा मात्र हसले. "रवळू गं ह्यो. पंधरा वर्सं दवाखान्यात फरशी पुसत हुता. आता फिनेलचा अंगारा झालाय."

त्रिशलाही हसली. ती कॉलेजात ग्रंथपाल होती. असल्या बुवांवर तिनं कपाटभर वाचलं होतं.

त्या संध्याकाळी अण्णांना ताप आला.

सहाव्या दिवशी ते निपाणीच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. डॉक्टरांनी तिच्या हातात दोन नळ्या दिल्या, एक लाल टोपणाची आणि एक निळ्या टोपणाची. "निळी डी-डायमरची. अंगात कुठं गुठळ्या होताहेत का, त्याचा अंदाज येईल. वाटेत वेळ घालवू नका."

शेडपाशी तिची गाडी थांबली. का थांबली, हे तिला नंतर स्वतःलाही सांगता आलं नाही. रवळूनं निळी नळी उचलली आणि आडवी केली. रक्त सरकलं. "वाहतंय, लेकी! अण्णा घरी येणार!" मग त्यानं टोपण काढून चिमूटभर अंगारा आत सोडला. तिला इतकं हलकं वाटलं, की त्याचा हात धरावा हेही सुचलं नाही.

अंगारा पडलेली ती नळी लॅबनं घेतली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त काढलं. संध्याकाळी रिपोर्ट आला तर आकडा भलताच मोठा. डॉक्टरांनी रक्त पातळ करायचं औषध वाढवलं. पहाटे अण्णा गेले.

"कालच का न्हाय आला रिपोर्ट?" आईनं, पद्मावतीनं, विचारलं.

"लॅब बंद होती," त्रिशला म्हणाली.

एक दिवस आधी कळलं असतं तर अण्णा वाचले असते का, हे तिनं डॉक्टरांना एकदा विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. पुढचे आठ महिने ती रोज कॉलेजला गेली, पुस्तकांवर नंबर घातले, वेळेवर जेवली. रडली नाही. फक्त एकदा लॅबमधल्या रचनाला तिनं विचारलं, "टोपणं वेगवेगळ्या रंगांची का असतात गं?"

जानेवारीत साथ पुन्हा वर आली. शेजारच्या भरमूची आई, मालुबाई, त्याच दवाखान्यात होती.

"आप्पानं बघितलं. गोठलंय," भरमू म्हणाला. "घरी आणतो तिला. दवाखान्याच्या कागदावर सही करायची तेवढी राहिलीया."

"ऑक्सिजन काढून?"

"मग काय, नळ्या टोचून मारू?"

"टोपण कसलं होतं भरमू?"

"लाल. का गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिशला त्याला घेऊन शेडपुढं उभी राहिली. रचना बरोबर होती. मालुबाई पद्मावतीची मैत्रीण, म्हणून तीही आली. सगळ्यांसमोर रचनानं त्रिशलाचं रक्त काढलं, अर्धं लाल नळीत, अर्धं निळीत.

"अर्धा तास थांबायचं," त्रिशला म्हणाली.

"देवाला घड्याळ लावतीस व्हय?" आप्पा खेकसला.

"देवाला न्हाय, रक्ताला."

टोपणांकडं बघून आप्पाचा आवाज उतरला. "आज दिवस बरा न्हाय. कौल मिळायचा न्हाय."

अर्ध्या तासानं भरमूनंच नळ्या आडव्या केल्या. निळीतलं रक्त वाहिलं. लालमधलं लोळागोळा होऊन जागच्या जागी बसलं.

"हात एक, सुई एक," त्रिशला म्हणाली. "ही म्हणती जगणार, ही म्हणती मरणार. मी कुठवर जगायचं आप्पा? कमरेपर्यंत?"

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं.

"निळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध आधीच घातलेलं असतं," रचना म्हणाली. "लालमध्ये ते नसतं. तिच्यात कुणाचंही गोठतंय, बोहल्यावरच्या नवरदेवाचंसुद्धा. आप्पा फरशी पुसता पुसता हे शिकलेत."

"रक्तात खुणा असतात भरमू," त्रिशला म्हणाली. "पण नळी हलवून त्या दिसत न्हाईत, मापाव्या लागतात. आणि मापलेला आकडासुद्धा मरण सांगत न्हाय. आज कुणाकडं जास्त लक्ष द्यायचं, एवढंच तो डॉक्टरांना सांगतो. जो कोण छातीठोक सांगतोय, त्याला आधी विचारा, कशावरून? आईला हलवू नको."

भरमूनं खिशातला सहीचा कागद बाहेर काढला. "बोलायला सोपं हाय. तू शिकलेली. तुझ्यावर पाळी आली तवा तू सरळ लॅबला गेलीस. आमचं भ्या तुला काय कळणार?"

त्रिशलानं रसाच्या गाड्याकडं पाहिलं.

"मी हितंच थांबलते," ती म्हणाली. "अण्णांची नळी मी ह्याच्या हातात दिली. ह्यानं अंगारा घातला, आणि मी बघत उभी राहिले."

भरमूनं सही न करताच कागदाची बारीक घडी घातली, परत खिशात कोंबली आणि गाडीची किल्ली काढली.

त्रिशला पद्मावतीकडं वळली.

"आई, लॅब उघडी होती."